बालोद्यानाचे जनक फ्रीडरिख फ्रोबेल

रणांगणावर कीर्ति मिळविलेल्या वीरांचीं चरित्रें आपण मोठ्या आवडीनें वाचतों. परंतु लहान मुलांच्या रिंगणांत उभें राहून चेंडू झेलणाऱ्या एका वृद्ध शिक्षकाचें चरित्रही तितकेंच धैर्याचें असूं शकतें, हें फ्रीडरिख फ्रोबेल यांचें आयुष्य पाहिलें म्हणजे पटतें. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय अशी ज्या काळीं बहुतेक शहाण्या माणसांची समजूत होती, त्या काळीं पडलेल्या मुलास पुन्हा उठण्याचें बळ खेळांतूनच मिळतें, हें त्यांनीं ओळखलें. तें त्यांना लवकर उमगलें. कारण त्यांचें स्वतःचें बाळपण खेळाविना गेलें होतें.

फ्रोबेल यांचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजीं जर्मनींतील थुरिंगिया प्रांतांत ओबरवाइसबाख या डोंगराळ गांवीं झाला. वडील धर्मोपदेशक होते. कित्येक खेड्यांचा भार शिरावर असल्यामुळें घरच्या धाकट्या मुलाकडे पाहण्यास त्यांना सवड नसे. मूल नऊ महिन्यांचें होतें तोंच आई वारली. पुढें सावत्र आई आली. आरंभीं तिनें त्याला माया लावली. परंतु स्वतःला मुलगा झाल्यावर ती माया आटली, इतकी कीं, त्याच्याशीं बोलतांना जवळिकीचें 'तूं' हें संबोधनही तिनें टाकून दिलें. घराच्या आवाराबाहेर जाण्यास त्याला मनाई असे. शिकण्यासाठींही त्याला मुलींच्या शाळेंत घातलें. सोबती नाहींत, खेळ नाहीं; बागेंतील झाडें व फुलें न्याहाळणें एवढाच काय तो त्याचा विरंगुळा. घरांत मात्र त्याची गणना वाईट मुलांत होऊं लागली.

दहाव्या वर्षीं त्याचें दैव फिरलें. १७९२ सालीं त्याचे मामा हॉफमन यांनीं त्याला श्टाटइल्म येथें आपल्या घरीं नेलें. तेथें दारें उघडीं होतीं आणि बाहेर समवयस्क मुलांचा मेळा होता. पहिल्या दिवसांत त्याची फजीतीच झाली. ज्याच्या अंगाला धांवण्या-उडण्याची संवय नव्हती, तो इतरांच्या मागें पडे; त्यांना सहज साधे तें त्याला साधेना. पण तेथें त्याला कोणीं कोंडून ठेवलें नाहीं. रोज खेळावें, रोज हरावें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा मैदानावर जावें, असा क्रम चालला. हळूहळू हातापायांत बळ आलें, त्याबरोबर मनांतही आलें, आणि तो सोबत्यांच्या बरोबरीनें खेळूं लागला. मामांच्या घरच्या त्या पांच वर्षांची आठवण फ्रोबेल यांना जन्मभर राहिली.

पुढील मार्ग कांहीं सरळ नव्हता. १७९७ सालीं ते एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवार म्हणून राहिले. नंतर येना विद्यापीठांत गेले. तेथें कर्ज फिटेना म्हणून नऊ आठवडे विद्यापीठाच्या कोठडींत बसावें लागलें. १८०५ सालीं वास्तुविद्या शिकण्याच्या हेतूनें ते फ्रांकफुर्टला आले. परंतु ग्रूनर नांवाच्या शाळाप्रमुखांनीं त्यांना शिक्षकाची जागा देऊं केली, आणि वर्गांत पाऊल टाकतांच आपलें खरें स्थान सांपडल्याचें त्यांना जाणवलें. १८०८ ते १८१० हीं वर्षें त्यांनीं स्वित्झर्लंडमध्यें इव्हेर्दों येथें थोर शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझी यांच्या सहवासांत घालविलीं. १८१३ सालीं नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत ते स्वयंसेवक म्हणून गेले. तेथें मिडेनडोर्फ व लांगेताल हे दोन जन्माचे मित्र त्यांना लाभले.

त्याच वर्षीं त्यांचा आवडता भाऊ क्रिस्टोफ तापाच्या सांथींत मरण पावला. त्याचीं मुलें पोरकीं झालीं. बर्लिन येथील खनिजसंग्रहालयांतील आपली जागा सोडून फ्रोबेल १८१६ सालीं पुतण्यांना शिकविण्यासाठीं धांवून आले. पांच पुतण्यांची ही शाळा पुढच्याच वर्षीं काइलहाऊ या खेड्यांत गेली. तेथें पुस्तकांच्या बरोबरीनें डोंगर चढणें, ओढ्याला बांध घालणें, शेतांत राबणें, पोहणें व कुस्ती यांना मान होता. बांध एकट्यानें होत नाहीं. एकानें दगड आणावा, दुसऱ्यानें रचावा, आणि पाण्यानें तो वाहून नेला तर सर्वांनीं मिळून पुन्हा आरंभ करावा. १८२६ सालीं फ्रोबेल यांनीं मनुष्याच्या शिक्षणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु सरकारच्या मनांत या शाळेविषयीं संशय उत्पन्न झाला, पालकांनीं मुलें काढून घेतलीं, आणि थोड्याच वर्षांत विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके उरले.

फ्रोबेल खचले नाहींत. स्वित्झर्लंडमध्यें कांहीं वर्षें काम केल्यावर, १८३७ सालीं, वयाच्या ५५ व्या वर्षीं, त्यांनीं ब्लांकेनबुर्ग येथें अगदीं लहान मुलांसाठीं नवें कार्य आरंभिलें. १८३९ सालीं त्यांची पत्नी वारली. त्या दुःखांतही काम थांबलें नाहीं, आणि २८ जून १८४० रोजीं 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, या नांवानें त्यांनीं आपली संस्था जगापुढें मांडली.

या बागेंतील खेळणीं साधीं होतीं. त्यांना ते देणग्या म्हणत. पहिली देणगी दोरी बांधलेल्या लोंकरीच्या मऊ चेंडूंची. चेंडू दूर जातो, दिसेनासा होतो, पुन्हा हातीं येतो. आई दृष्टीआड झाली म्हणून ती कायमची गेली असें नव्हे, हा धीर तान्ह्या बाळाला त्या चेंडूनें मिळावा. दुसरी देणगी गोल, घन व नळकांडें यांची. तिसरी म्हणजे आठ लहान तुकड्यांचा एक लांकडी घन. त्यांतून खुर्ची करावी, जिना करावा, मनोरा करावा. पण एकही तुकडा बाजूला टाकावयाचा नाहीं, आणि एक आकृति संपली कीं ती उधळून न देतां तिच्यांतूनच दुसरी उभारावयाची. मनोरा ढांसळला तरी आठही तुकडे जागेवरच असतात, हें मुलाला बोटांनींच कळे.

याहून मोठी योजना सामुदायिक खेळांची होती. मुलें हात धरून रिंगण करीत, गात, चालत. एखादें बुजरें मूल क्षणभर मध्यें येई व पुन्हा सर्वांत मिसळे. प्रत्येक मुलाला बागेंत स्वतःचा वाफा असे, आणि त्या वाफ्यांभोंवतीं सर्वांच्या सामायिक वाफ्यांची चौकट असे. आपलें रोप वाळलें तर रडूं येई. परंतु भोंवतालच्या बागेंत आपलाही वांटा आहे, हें समाधान उरे.

शेवटचीं वर्षें त्यांनीं लीबेनश्टाइनजवळ काढलीं. खेड्यांतील पोरांबरोबर नाचणाऱ्या त्या म्हाताऱ्याला लोक वेडा म्हणत. अशा वेळीं बर्टा फॉन मारेनहोल्ट्स-ब्यूलो या थोर घराण्यांतील बाईंनीं त्यांच्या कार्याचें मोल जाणलें व त्याच्या प्रसाराला वाहून घेतलें. तरी सर्वांत मोठा आघात अजून व्हावयाचा होता. ७ ऑगस्ट १८५१ रोजीं प्रशियाच्या सरकारनें बालोद्यानांवर बंदी घातली. नास्तिकपणा व समाजसत्तावाद पसरविल्याचा हा आरोप बव्हंशीं त्यांच्या पुतण्याच्या लिखाणावरून आला होता. नांवांच्या घोटाळ्याचा खुलासा करूनही हुकूम फिरला नाहीं. फ्रोबेल शिक्षिका तयार करीतच राहिले, आणि २१ जून १८५२ रोजीं त्यांनीं देह ठेवला. बंदी उठलेली त्यांना पाहावयास मिळाली नाहीं. ती १८६० सालीं उठली. तोंपर्यंत बालोद्यान समुद्रापार पोंचलें होतें. १८५६ सालीं मार्गारेट शुर्त्स यांनीं अमेरिकेंत विस्कॉन्सिन संस्थानांतील वॉटरटाउन गांवीं पहिलें बालोद्यान काढलें.

त्यांच्या मागून कित्येक अनुयायांनीं या देणग्यांची कवाईत करून टाकली. सांगितल्या क्षणीं, सांगितला तोच तुकडा, सांगितल्या जागीं ठेवावयाचा असा शिरस्ता पडला. मुलाला चुकण्याची, मोडण्याची व पुन्हा रचण्याची मोकळीक राहिली नाहीं, तर खेळण्याचें नुसतें लांकूड उरतें.

श्वाइना गांवच्या दफनभूमींत फ्रोबेल यांचें स्मारक आहे. खालीं घन, त्यावर नळकांडें, आणि माथ्यावर गोल, एवढीच त्याची रचना. विद्यार्थिमित्रहो, मोठ्यांच्या समाधीवर मुलांचीं खेळणीं क्वचितच शोभतात. येथें तीं शोभलीं आहेत. आपणही सायंकाळीं मैदानावर हरून परततों, गुडघे खरचटतात, संघांतून नांव वगळलें जातें. अशा दिवशीं श्टाटइल्मच्या त्या अशक्त मुलाचें स्मरण करावें आणि दुसऱ्या दिवशीं वेळेवर मैदानावर जावें. तसेंच जो धाकटा सोबती रिंगणाबाहेर एकटा उभा असेल, त्याचा हात धरून त्याला आंत घ्यावें.