सेकंदाला आठ चित्रे

१९४५ सालचा एप्रिल महिना. महिन्याभरापूर्वीच्या बॉम्बवर्षावात ओसाका शहराचा मोठा भाग जळून खाक झालेला. त्या राखेतून वाट काढत सोळा वर्षांचा एक काटकुळा मुलगा शोचिकुझा थिएटरात शिरला. थिएटर शाबूत होते, प्रेक्षक मात्र जवळजवळ नव्हतेच. शहरातली मुले केव्हाच खेडोपाडी हलवली गेली होती. पडद्यावर होता नौदलाच्या पैशातून निघालेला, मोमोतारोच्या लोककथेवर बेतलेला कार्टूनपट. गणवेशातली माकडे, अस्वले, आणि त्यांची लढाई. उघडउघड युद्धप्रचार. पण त्यातच जंगलातले प्राणी गाणे म्हणत मुळाक्षरे गिरवतात, असा एक हळुवार प्रसंग होता. तो मुलगा त्या रिकाम्या थिएटरात रडला आणि आयुष्यात एकदा तरी असा चित्रपट आपण काढायचाच, असे ठरवून बाहेर पडला.

त्याचे नाव ओसामू तेझुका. पुढे जपानने त्याला चित्रकथांचा देव मानले. चित्रकथा त्याने दीड लाख पानांच्या घरात काढल्या. पण त्याचा जीव जडला होता तो थिएटरातल्या अंधारावर, आणि त्या प्रेमापायी तो एकदा कफल्लकही झाला.

आज एखाद्या गाजलेल्या जपानी मालिकेचे भाग नव्याने गुंफून त्यांचा चित्रपट निघतो आणि घरी फुकट पाहिलेलेच पाहायला पोरे तिकिटाच्या रांगेत उभी राहतात, तेव्हा आईबापांना नवल वाटते. ही प्रथा पडली कशी, हे समजून घ्यायचे तर या माणसाच्या आयुष्यात डोकवावे लागते.

तेझुकाचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८चा, ओसाकाजवळच्या तोयोनाकाचा. बालपण गेले ताकाराझुकात. हे गाव तिथल्या केवळ स्त्रियांच्या संगीत नाट्यमंडळीसाठी प्रसिद्ध. आई त्याला नाटकांना न्यायची. वडिलांना छायाचित्रणाचा षोक. घरात ‘पाथे बेबी’ हे छोटे प्रोजेक्टर होते आणि त्यावर मिकी माऊस आणि चॅप्लिन दिसत. शाळेत हा मुलगा किडे गोळा करी. त्या नादात त्याने स्वतःच्या नावाला ‘किडा’ या अर्थाचे चिनी चित्राक्षर जोडून घेतले, आणि ते जन्मभर राहिले.

युद्ध संपले तेव्हा तो वैद्यकशास्त्राकडे वळला होता. ओसाका विद्यापीठातून पदवी घेतली, डॉक्टरकीचा परवाना मिळवला आणि एकही दवाखाना थाटला नाही. पुढे १९६१ मध्ये, चित्रकथांच्या धबडग्यात, गोगलगायीच्या शुक्रपेशींवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मात्र पटकावली! १९४७ च्या ‘नवे रत्नद्वीप’ने त्याचे नाव घरोघर पोहोचले होते. त्याच्या चौकटी सिनेमाच्या कॅमेऱ्यासारख्या पुढे सरकत, मागे हटत. पन्नासच्या दशकात टोकियोतल्या तोकिवासो या जुनाट लाकडी इमारतीत तो राहिला. त्याने सोडलेल्या खोलीत जे दोन तरुण चित्रकार राहायला आले, त्यांच्याच ‘फुजिको फुजिओ’ या जोडनावाने पुढे ‘डोरेमॉन’ प्रसिद्ध झाला. आपल्या घराघरांतल्या निळ्या बोक्याची नाळ अशी त्या खोलीपर्यंत जाते.

डिस्नेचा ‘बॅम्बी’ जपानात लागला १९५१ मध्ये. तेझुकाने तो ऐंशीहून अधिक वेळा पाहिला. हे वेड स्वस्तात भागणारे नव्हते. चित्रकथांत मिळालेला पैसा ओतून १९६१ मध्ये त्याने घराशेजारीच स्टुडिओ काढला. नाव ‘मुशी’, म्हणजे पुन्हा किडाच. ‘रस्त्याच्या कोपऱ्यावरची कहाणी’ हा पहिला चित्रपट पुढच्या वर्षी झाला. देखणा, पण पैसे मिळवणारा नव्हे. स्टुडिओतल्या माणसांना पगार तर द्यायचा होता. म्हणून टीव्ही.

१ जानेवारी १९६३ ला ‘पोलादी बाहूंचा अॅटम’ ही मालिका सुरू झाली. दर आठवड्याला अर्धा तास. जपानात हे तोवर कोणी केले नव्हते, कारण ते करता येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होते. डिस्नेच्या चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी आणि त्यांतल्या प्रत्येकीसाठी नाही तरी निदान एकाआड एकीसाठी नवे चित्र. तेझुकाने एकच चित्र तीन चौकटी वापरले. म्हणजे सेकंदाला आठ. तेही परवडेना तेव्हा चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ हलवले. अॅटमच्या उड्डाणाची चित्रे जपून ठेवून पुन्हा पुन्हा काढली. या साठ्याला ते ‘बँक’च म्हणत. चॅनलला मालिका खर्चाहून पुष्कळ कमी किमतीत दिली आणि खड्डा भरायचा तो अॅटमच्या खेळण्यांतून, चॉकलेटबरोबरच्या चित्रांतून आणि अमेरिकेतल्या विक्रीतून. मालिका चारशेवर नव्हे, पण १९३ भाग चालली, आणि ऐन भरात प्रेक्षकांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर गेले.

२६ जुलै १९६४ ला, शाळांच्या उन्हाळी सुटीत, अॅटम थिएटरात आला. ‘अंतराळातला वीर’ हा चित्रपट नव्याने काढलेला नव्हता. मालिकेतल्या शेचाळिसाव्या, छप्पन्नाव्या आणि एकाहत्तराव्या भागांना जोडून, मध्ये थोडी भर घालून तो सिद्ध केला होता. हिशेब सरळ होता: चित्रांचे पैसे एकदा मोजून झालेत, ती दुसऱ्यांदा कमावती का करू नयेत? चित्रपटाचा काही भाग रंगीत होता. घरातल्या करड्या चौकोनात पाहिलेले अॅटमचे बूट भिंतीएवढ्या पडद्यावर तांबडेलाल दिसले, तेव्हा मुलांना आपण तेच पुन्हा पाहतो आहोत असे वाटले असेल काय? मला नाही वाटत. मोठ्या पडद्यावर आठ चित्रांची काटकसर अधिकच उघडी पडते हे खरे. पण घरी एकट्याने पाहिलेली गोष्ट शेकडो मुलांबरोबर श्वास रोखून पाहणे, ही निराळीच गोष्ट असते.

‘जंगल सम्राट’ची कथा आणखी बोलकी. (जपानी नावात ‘जंगल’ हा आपलाच शब्द आहे, इंग्रजांच्या बोटीने गेलेला.) मूळ चित्रकथा सिंहांच्या तीन पिढ्यांची. १९६५ मध्ये रंगीत मालिका करताना अमेरिकन खरेदीदारांनी अटी घातल्या: भाग कोणत्याही क्रमाने दाखवता आले पाहिजेत, आणि छावा मोठा होता कामा नये. ज्या कथेचा प्राणच काळाचे वाहणे, तिचा काळ गोठवला गेला. त्या मालिकेत, शोचिकुझातल्या त्या दुपारची आठवण म्हणून, प्राणी गाण्यातून अक्षरे शिकतात! मालिकेच्या भागांतून गुंफलेला चित्रपट जुलै १९६६ मध्ये लागला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात बालचित्रपटांतला ‘रौप्य सिंह’ घेऊन आला. टीव्हीसाठी तुकडे केलेली कथा सलग होऊनच सन्मानाला पात्र ठरली.

उलट, खास मोठ्या पडद्यासाठी जिवाचे रान करून काढलेल्या चित्रपटांनी त्याला बुडवले. प्रौढांसाठीचे ‘एक हजार एक रात्री’ १९६९ मध्ये, ‘क्लिओपात्रा’ १९७० मध्ये. दुसरा साफ आपटला. १९७१ मध्ये त्याने मुशीचे अध्यक्षपद सोडले, १९७३ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि राहते घरही गेले. त्याच सुमारास संपल्यात जमा झालेल्या या चित्रकाराने ‘ब्लॅक जॅक’ ही परवाना नसलेल्या शल्यविशारदाची कथा सुरू केली आणि ती तुफान चालली. न चालवलेली डॉक्टरकी अशी कामी आली.

पण मुशीत घडलेली माणसे पांगली ती जपानभर रुजली. ‘यामातो’ या अंतराळ युद्धनौकेच्या मालिकेला १९७४ मध्ये प्रेक्षक मिळाले नाहीत, ती आवरती घेतली गेली. तेझुकाच्या कंपनीत वावरलेल्या निर्मात्याने तिचे सव्वीस भाग कापून १९७७ मध्ये चित्रपट केला, आणि थिएटरबाहेर रात्रभर रांगा लागल्या. मुशीतच तयार झालेल्या देझाकीने मुष्टियोद्धा ‘जो’ची मालिका १९८० मध्ये चित्रपटात आणली. अॅटमचे भाग दिग्दर्शित करून हात बसवलेल्या तोमिनोची ‘गंदाम’ मालिका त्रेचाळीस भागांत गुंडाळली गेली होती. १९८१-८२ मध्ये तिचे तीन चित्रपट झाले आणि अयशस्वी मालिकेची दंतकथा झाली. पडलेल्या मालिकेला दुसरा जन्म देणारी ही युक्ती, मुळात पगार भागवण्यासाठी सुचलेली.

तेझुकाला मात्र दूषणेच अधिक मिळाली. त्याने स्वस्तात मालिका विकल्यामुळे या धंद्यातल्या कारागिरांची मजुरी कायमची खाली गेली, असा ठपका त्याच्या मृत्यूनंतर मियाझाकीसारख्या दिग्दर्शकानेही ठेवला. ठपका अगदी निराधार नाही. सगळा दोष एकट्याचा, हेही खरे नाही. स्वस्तातला अॅटम चालला नसता तर कारागिरांना मजुरी देणारा धंदाच उभा राहिला नसता.

१९८७ मध्ये त्याने ‘जंगलाची दंतकथा’ हा चार भागांचा चित्रपट हाती घेतला. चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीवर बेतलेला, संवादाविना. त्याचे पहिला आणि चौथा हे दोनच भाग तेव्हा पुरे झाले. शेवटच्या भागात जंगलातल्या पऱ्या डिस्नेच्या तालेवार शैलीत, पाण्यासारख्या वाहत्या हालचालींनी नाचतात. आणि ते जंगल तोडायला आलेली माणसे? ती टीव्हीवरच्या काटकसरी कार्टूनसारखी, धक्के खात, अडखळत हलतात. ही शैली जपानात ज्याने रुजवली त्यानेच ती खलनायकाच्या अंगावर चढवली होती.

९ फेब्रुवारी १९८९ रोजी, साठाव्या वर्षी, पोटाच्या कर्करोगाने तो टोकियोत गेला. जपानच्या सम्राटाला जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. ‘जंगलाची दंतकथा’चा दुसरा भाग त्याचा मुलगा माकोतो याने २०१४ मध्ये पुरा केला.