संस्था सोडण्याचे धैर्य

महाराष्ट्रात संस्था काढणारी माणसे पुष्कळ झाली. त्या वाढवणारीही झाली. पण स्वतः वाढवलेल्या संस्थेतून आपण होऊन बाजूला होणारी माणसे मोजू लागलो, तर फार थोडी नावे आठवतात. माझ्या मोजणीत पहिले नाव येते ते महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे.

शाळेत शिंदे आपल्याला एका ओळीत भेटतात: अस्पृश्यता निवारणासाठी झटलेले थोर समाजसुधारक. माझीही ओळख बरीच वर्षे तेवढीच होती. पुढे गावच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर काही काळ काढला. सभासद, देणगीदार आणि पदाधिकारी यांचे रुसवेफुगवे जवळून पाहिले. त्यानंतर शिंद्यांचे ‘माझ्या आठवणी व अनुभव’ हाती घेतले, तेव्हा त्या एका ओळीच्या आड केवढा खटाटोप आणि केवढा मनस्ताप दडला आहे, ते कळू लागले.

२३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात एका मराठा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरात वारकरी वळण होते. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून ते १८९८ मध्ये बी. ए. झाले आणि प्रार्थना समाजाकडे ओढले गेले. १९०१ ते १९०३ ही दोन वर्षे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करून ते परतले. विलायतेहून आलेला पदवीधर सरकारी नोकरी शोधी, असा तो काळ. यांनी मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारकपद पत्करले.

१९०५ मध्ये नगरजवळच्या भिंगारला अस्पृश्य मंडळींनी रात्रीची सभा भरवून त्यांना बोलावले. आमच्यासाठी काहीतरी करा, हे त्या लोकांचे मागणे त्यांच्या मनात घर करून राहिले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला एक शाळा उघडली आणि ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’चा, म्हणजे निराश्रित साहाय्यकारी मंडळीचा, आरंभ झाला.

ही मंडळी त्यांनी कशी उभी केली, ते पाहण्यासारखे आहे. अध्यक्षपदी न्यायमूर्ती सर नारायण चंदावरकरांसारखे वजनदार गृहस्थ. पैशाच्या बाजूला दामोदरदास सुखडवाला यांच्यासारखे दानशूर शेठ. आणि रोजच्या राबणुकीला स्वतःचे घर! पत्नी रुक्मिणीबाई, बहीण जनाक्का, सारेच कामाला जुंपले गेले. शाळेला वसतिगृह जोडले, हातांना उद्योग दिला, भजने सुरू केली, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. वस्तीतल्या बायका व्याख्यानाला आल्या नसत्या. जनाक्का त्यांच्या दारी गेल्या, तेव्हा त्या बोलू लागल्या. काम वाढले, पुणे, हुबळी, नागपूर अशा शाखा निघाल्या. पुण्यात इंदूरच्या होळकरांच्या देणगीतून अहिल्याश्रम उभा राहिला.

काम वाढले की कुरबुरी वाढतात. शिंद्यांच्या वाट्याला त्या तिन्ही बाजूंनी आल्या.

पहिली स्वतःच्या समाजातून. प्रार्थना समाजातील मंडळींशी मतभेद वाढत गेले आणि १९१० मध्ये त्यांनी प्रचारकपद सोडले. म्हणजे हक्काच्या पगारावर पाणी सोडले. मिशन मात्र सोडले नाही.

दुसरी अडचण मोठ्यांच्या पाठिंब्याची. १९१२ मध्ये पुण्यात डॉ. रा. गो. भांडारकरांच्या अध्यक्षतेखाली त्यांनी परिषद भरवली. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला, त्यामागे त्यांची खटपट होती. मार्च १९१८ मध्ये मुंबईत सयाजीराव महाराज अध्यक्ष असलेल्या परिषदेत लोकमान्य टिळक अस्पृश्यतेविरुद्ध ठणकावून बोलले. पण अस्पृश्यता स्वतः न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रावर त्यांची सही झाली नाही. व्यासपीठावरचा पाठिंबा आणि घरातला आचार यांतले अंतर शिंद्यांना वारंवार असे मोजावे लागले.

तिसरी बाजू सर्वांत अवघड होती, कारण तिथे तक्रार करणारे ज्यांच्यासाठी काम चालले होते तेच होते. १९१९ च्या राजकीय सुधारणांच्या वेळी अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेकौन्सिलाच्या इतर सभासदांनी निवडावेत, अशी भूमिका मिशनच्या बाजूने मांडली गेली. तरुण भीमराव आंबेडकरांना ती मान्य होणे शक्य नव्हते. मे १९२० मध्ये नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेत या भूमिकेचा उघड निषेध झाला. आमचा प्रतिनिधी आम्हीच ठरवू, असा त्याचा रोखठोक अर्थ होता. इकडे मिशनच्या आतही, कारभार आमच्याच हाती असावा, असे अस्पृश्य वर्गातील कार्यकर्ते म्हणू लागले.

अशा वेळी संस्थाचालक काय करतात, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. आपले उपकार मोजून दाखवतात, घटनेतले नियम पुढे करतात, जवळच्या माणसांनी सभा भरून टाकतात. शिंद्यांनाही ते जमले असते. ऐन उमेदीची सतरा वर्षे आणि घरची सगळी माणसे त्यांनी या कामी घातली होती. त्यांना वाईट वाटले नसेल, असे कोण म्हणेल? पण ज्यांचे काम त्यांनीच ते चालवावे, हे त्यांनाही पटले होते. १९२३ मध्ये ते मिशनच्या कारभारातून बाजूला झाले. दुसऱ्याच वर्षी, जुलै १९२४ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि चळवळीची सूत्रे कोणाच्या हाती जाणार, ते स्पष्ट झाले.

संस्था सुटली तरी काम सुटले नाही. ब्राह्म धर्माच्या प्रचारासाठी ते मंगळूरला गेले, १९३० च्या कायदेभंगात येरवड्याचा तुरुंग भोगला, १९३३ मध्ये ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मात्र शेवटची वर्षे एकाकी गेली. ब्राह्म म्हणून मराठ्यांना ते परके, मराठा म्हणून पांढरपेशांना परके, आणि वरचा माणूस म्हणून दलितांना परके. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला.

या आयुष्याकडे पाहताना मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. संस्थेतल्या प्रत्येक भांडणाला आपण फूट म्हणतो आणि घाबरतो. काही भांडणे खरोखरच खुर्चीची असतात. पण ज्यांना शिकवायला शाळा काढली, त्यांनीच एक दिवस उठून हिशेब विचारला आणि किल्ल्या मागितल्या, तर शाळा बुडाली असे समजू नये. ती चांगली चालल्याचीच ती खूण असते. ही खूण ओळखायला विद्वत्ता लागत नाही. मन मोठे लागते, आणि त्याची किंमत एकट्याने मोजावी लागते. शिंद्यांनी ती मोजली.