राधा, कृष्ण आणि एक गाळलेले नाव

बँकेत सोनेतारण कर्ज देताना आमचा सराफ दागिना आधी कसोटीवर घासायचा, मग काट्यावर ठेवायचा. खडे, मीना, कारागिरी या सगळ्याचे मोल त्याच्या लेखी शून्य. जुन्या छायाचित्रांच्या बाजारात हिशेब नेमका उलटा. कागद कवडीमोलाचा, पण निगेटिव्ह काढली त्याच सुमारास छापलेली प्रत असेल तर ती ‘व्हिंटेज’ ठरते आणि किंमत कित्येक पटींनी चढते. तीच निगेटिव्ह चाळीस वर्षांनी छापली, तर ती नुसती प्रत.

हे शहाणपण मला निवृत्तीनंतर आले. एका परदेशी लिलावाची सूची चाळताना अॅना पावलोव्हा आणि उदयशंकर यांचे राधाकृष्णाच्या वेषातले छायाचित्र दिसले आणि मी थबकलो. पावलोव्हाचे नाव ठळक अक्षरांत, उदयशंकरांचे खाली बारीक.

1923 सालच्या लंडनमध्ये हा क्रम साहजिकच होता. पावलोव्हा बेचाळिशीची, जगप्रसिद्ध. उदयशंकर बावीस वर्षांचे, चित्रकलेचे विद्यार्थी. जन्म 1900 सालचा, उदयपूरचा. वडील श्यामशंकर झालावाड संस्थानात दिवाण. मुलगा 1918 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आला, गांधर्व महाविद्यालयातही शिकला आणि 1920 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये विल्यम रोथेन्स्टाइन यांच्या हाताखाली गेला. नृत्याचे रीतसर शिक्षण म्हणाल तर, कोणत्याही गुरूकडे नाही!

पावलोव्हाला भारतीय विषयांवर नृत्ये हवी होती. उदयशंकरांनी ‘राधाकृष्ण’ आणि ‘हिंदू विवाह’ बसवली. सप्टेंबर 1923 मध्ये कव्हेंट गार्डनला ती सादर झाली. संगीत होते कोमोलता बॅनर्जी यांचे. हे नाव लक्षात ठेवा.

मग अमेरिकेचा दौरा. तो आटोपल्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पावलोव्हाने त्यांना बॅलेत न गुंतवता त्यांच्याच देशाच्या नृत्याकडे वळवले, असे सांगतात. सल्ला मोलाचा खरा. पण सल्ल्यावर घरभाडे भागत नाही. पॅरिसच्या कॅबरेंत नाचून त्यांना पोट भरावे लागले. हा काळ चरित्रकार दोन ओळींत उरकतात. मला तोच महत्त्वाचा वाटतो. ज्याच्याकडे ना घराणे, ना तारण, त्याला कर्ज देणारा कोण?

ते मिळाले स्विस शिल्पकार अॅलिस बोनर यांच्याकडून. त्यांच्यासोबत 1930 मध्ये ते भारतभर हिंडले. देवळांतली शिल्पे, कथकळी पाहिली, वाद्ये आणि माणसे गोळा केली. 3 मार्च 1931 रोजी पॅरिसला त्यांच्या संचाचा पहिला प्रयोग झाला. त्यात फ्रेंच सिमकी होती, दहा वर्षांचे धाकटे भाऊ रविशंकर होते, आणि आपल्या मंडळींनी अभिमानाने सांगावे असे विष्णू दिगंबरांचे शिष्य विष्णुदास शिराळीही होते. पावलोव्हा तो प्रयोग पाहू शकली नाही. त्याच वर्षीच्या 23 जानेवारीला हेगमध्ये ती वारली होती.

पुढे अल्मोड्याचे केंद्र. तिथे शंकरन नंबुद्री कथकळी शिकवत, अल्लाउद्दीन खाँ संगीत. गुरुदत्तही तिथलाच विद्यार्थी. 1944 मध्ये ते बंद पडले. मग मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत ‘कल्पना’ हा चित्रपट, संगीत शिराळींचे. 1948 मध्ये तो झळकला आणि गल्ल्यावर आपटला. 1977 मध्ये उदयशंकर कलकत्त्यात गेले. चित्रपट दुरुस्त होऊन 2012 मध्ये कानच्या महोत्सवात दाखवला गेला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर, बुडीत खात्यात टाकलेली रक्कम चौसष्ट वर्षांनी वसूल.

शास्त्रशुद्धतेचे आग्रही त्यांना अजून संकरित म्हणतात. असतील. पण इतके हात लागलेली कला एका नावावर कशी चढवायची, हा प्रश्न मला छळतो. सूचीत छायाचित्राखाली मजकूर बराच होता. कागदाचा आकार, कोपऱ्यावरची घडी, मागचा शिक्का, सगळे. कोमोलता बॅनर्जींचा उल्लेख कुठेच नव्हता.

बोली लावणे माझ्या पेन्शनला झेपणारे नव्हते. मी लिलाववाल्यांना पत्र मात्र धाडले. नर्तकांची नावे जशी दिलीत, तसे संगीतकाराचेही द्या, एवढीच विनंती. लिलाव होऊन गेला. उत्तर आलेले नाही; पत्राची कार्बन प्रत, जुन्या सवयीने, फाइलला लावून ठेवली आहे.