वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर, १८८२, सोलापूर - ८ एप्रिल, १९५३, सिद्धपूर) हे महाराष्ट्रातील उद्योगपती व भारतीय मोटार उद्योगाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होते.

रेल्वेच्या बांधकामांची कंत्राटे घेऊन त्यांनी व्यवसायास प्रारंभ केला. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीला ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या दरकपातीस तोंड द्यावे लागले. किनारी वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवावी, अशी त्यांची मागणी होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंगळूर येथील त्यांच्या विमान कारखान्यास (१९४०) युद्धाच्या गरजेपोटी सरकारी पाठबळ लाभले. मोटार कारखान्यास मात्र युद्धोपयोगी उद्योगाचा दर्जा देण्यास ब्रिटिश सरकारने नकार दिला. तरीही १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. मुंबईतील कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. क्रायस्लर व पुढे फियाट या कंपन्यांशी तिने सहकार्य केले.

त्यांच्या निधनाच्या वर्षीच सरकारने केवळ सुट्या भागांची जुळणी करणाऱ्या कंपन्यांना काम बंद करण्यास भाग पाडणारे धोरण स्वीकारले. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी भारतातील काम आवरले आणि देशी मोटार उद्योगास संरक्षण मिळाले. मात्र स्पर्धेअभावी गाड्यांमधील सुधारणा मंदावल्या. १९८३ मध्ये सरकारी भागीदारीतील मारुतीची मोटार बाजारात आली. १९९१ नंतर उदारीकरण झाले. या स्पर्धेत प्रीमियर मागे पडली. मुंबईतील पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून नाहीशी झाली.