लंडन सोडलं, कोलकाता गाठलं!

तुमच्या ग्रुपमध्ये एक तरी जण परदेशी जायच्या तयारीत असेलच. कुणी आयईएलटीएसचा क्लास लावलाय, कुणी व्हिसाच्या तारखेकडे डोळे लावून बसलंय. जायचं ते तरुणपणी आणि जायचं ते पश्चिमेला, हे जणू ठरूनच गेलंय. आता याच्या बरोब्बर उलटा प्रवास करणाऱ्या एका माणसाबद्दल वाचा. नाव जे. बी. एस. हाल्डेन.

जन्म १८९२ चा, ऑक्सफर्डचा. वडील श्वसनाचे मोठे अभ्यासक. खाणीतल्या विषारी वायूंचा अभ्यास करताना ते पोरालाही सोबत खाली न्यायचे. गंमत म्हणजे हाल्डेन यांच्याकडे विज्ञानाची पदवीच नव्हती! ते शिकले गणित आणि ग्रीक-लॅटिन साहित्य. तरीही डार्विनची उत्क्रांती आणि मेंडेलची आनुवंशिकता यांची गणिती सांगड घालणाऱ्या तिघांत फिशर आणि राइट यांच्या जोडीला त्यांचं नाव घेतलं जातं. प्रयोग करायचे तर आधी स्वतःवर. हवेच्या दाबाच्या प्रयोगांत कानाचा पडदा फाटला, तर सिगारेटचा धूर कानातून काढून दाखवायचे!

१९५७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधली प्रोफेसरकी संपत आली होती. वय ६४. मान होता, नाव होतं, आरामात पेन्शन खात बसता आलं असतं. त्यांनी मात्र बायको हेलन स्परवे यांच्यासह थेट कोलकाता गाठलं. हेलन स्वतः जीवशास्त्रज्ञ. सुएझ कालव्यासाठी ब्रिटनने १९५६ मध्ये इजिप्तवर केलेला हल्ला हाल्डेन यांना अजिबात पटला नव्हता. शिवाय भारतात पायात मोजे घालावे लागत नाहीत, हेही कारण ते मजेत सांगायचे!

भारत त्यांना नवा नव्हता. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये जखमी झाल्यावर त्यांना इथेच आणलं होतं. पण तेव्हा ते गोऱ्या साहेबांपैकी एक होते. आता ते स्वतंत्र देशात नोकरी करायला आले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले, कुर्ता घालू लागले, मांसाहार सोडला आणि पुढे भारताचं नागरिकत्वही घेतलं.

आता तुमच्या कामाचा भाग. महागडी यंत्रं नाहीत म्हणून संशोधन अडतं, हे त्यांना मान्यच नव्हतं. डोळे, वही, पेन्सिल आणि मोजायची चिकाटी पुरे! त्यांच्यासोबतच्या तरुणांनी तेच केलं. टी. ए. डेव्हिस यांनी नारळाच्या झावळ्या खोडाभोवती डावीकडे वळतात की उजवीकडे, हे मोजलं. कृष्णा द्रोणमराजू यांनी घाणेरीच्या कुठल्या रंगाच्या फुलावर कुठलं फुलपाखरू बसतं, याची नोंद ठेवली. आणि हा अभ्यास १९६० मध्ये थेट ‘नेचर’मध्ये छापून आला!

सगळं गोडीगुलाबीत झालं असं नाही हं. महालनोबिसांशी खटके उडाले आणि १९६१ मध्ये त्यांनी संस्था सोडली. वय ६८. परत जायला निमित्त पुरेसं होतं. पण ते गेले भुवनेश्वरला. बिजू पटनाईक तेव्हा ओडिशाचे मुख्यमंत्री होते. राज्य सरकारच्या मदतीने तिथे नव्याने प्रयोगशाळा उभी करायला घेतली. मग कॅन्सरने गाठलं. ऑपरेशन लंडनला झालं, तरी ते भुवनेश्वरलाच परतले आणि १ डिसेंबर १९६४ ला तिथेच गेले. त्यांच्या इच्छेनुसार देह आंध्रातल्या काकीनाडाच्या मेडिकल कॉलेजला दिला गेला.

हाल्डेन यांच्या वाट्याला इथली शेवटची जेमतेम सात वर्षं आली. त्यातही एक संस्था सुटली, दुसरी अर्धवट राहिली. पण रिटायर झाल्यावर कुठे राहायचं, हे ठरवताना त्यांनी आधी पाहिलं, की तिथे काम काय करता येईल आणि सोबत कोण असेल. तुम्हीही फॉर्म भरताना हे दोन प्रश्न विचारून बघा. आणि जायचं नसेल, तर कॉलेजच्या कंपाउंडला घाणेरी असेलच. वही घेऊन बसा तासभर!