नोंदवहीतली रयत वाचणारे न्यायमूर्ती

गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या पाण्यावर पोसलेला निफाड तालुका आज द्राक्षे, ऊस आणि लासलगावचा कांदा यांसाठी ओळखला जातो. याच निफाडात १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. समाजसुधारक, न्यायाधीश, इतिहासकार आणि भारतीय अर्थशास्त्राचे प्रवर्तक अशा अनेक नात्यांनी महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्यांच्या कार्याचा एक पैलू मात्र शालेय पुस्तकांत फारसा येत नाही. जमीन, गाव आणि माणूस यांविषयीच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहणे आणि त्यांतून रयतेच्या बाजूचा अर्थ काढणे, हे काम त्यांनी आयुष्यभर केले.

रानड्यांचे वडील गोविंदराव निफाडच्या सरकारी कचेरीत नोकरीला होते. त्या काळी नाशिक हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता; तो १८६९ साली झाला. मात्र १८४० च्या दशकात या परिसरात एक मोठी उलथापालथ चालू होती. इंग्रज सरकारचे पाहणी कामगार साखळी घेऊन शेतशिवार मोजत होते. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी बसवलेली ही पद्धत हळूहळू साऱ्या मुंबई इलाख्यात पसरली.

या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची असे. तिच्या लांबीरुंदीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. शेताच्या हद्दीवर दगड रोवले जात, मातीचा रंग आणि खोली पाहून तिची प्रत आण्यांत ठरवली जाई आणि प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर मिळे. एकीकडे गावचा नकाशा आणि दुसरीकडे गावची नोंदवही, या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे हा नंबर. नकाशावर शेत कोठे आहे ते दिसे. वहीत त्याचा खातेदार कोण, क्षेत्र किती आणि सारा किती हे कळे.

आज संगणकावर भौगोलिक माहिती साठवतात ती याच तत्त्वावर. १९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी माहिती निरनिराळ्या तक्त्यांत ठेवून सामाईक ओळखक्रमांकाने ते तक्ते जोडण्याची उपपत्ती मांडली. तिच्यातून रिलेशनल डेटाबेस उभे राहिले. पुढे त्याच तक्त्यांत शेताची हद्द, नदीचा प्रवाह आणि रस्त्याची रेषा अक्षांश-रेखांशांसह साठवण्याची सोय झाली. गोदावरीच्या पूररेषेत कोणते गट येतात आणि त्यांचे खातेदार कोण, या प्रश्नाचे उत्तर संगणक काही क्षणांत देतो. रानड्यांच्या काळी हीच जोडणी माणसाला डोळ्यांनी आणि टाकाने करावी लागे. साधने तुटपुंजी होती. प्रश्न मात्र तोच होता. या साऱ्या नोंदी एकत्र वाचल्यावर त्यांतून काय निष्पन्न होते, आणि ते कोणाच्या हिताचे ठरते?

वडिलांनी कोल्हापूर संस्थानात नोकरी पत्करल्याने रानड्यांचे बालपण कोल्हापुरात गेले. १८५६ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली, तीत उत्तीर्ण झालेल्या एकवीस विद्यार्थ्यांत रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही होते. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांतही त्यांचे नाव होते. १८६६ साली कायद्याची पदवी मिळाल्यावर भाषांतरकार, अक्कलकोट आणि कोल्हापूर संस्थानांतील अधिकारी, एल्फिन्स्टन महाविद्यालयातील अध्यापक अशी कामे त्यांनी केली. १८७१ च्या अखेरीस ते पुण्यात प्रथम वर्गाचे सबजज्ज म्हणून आले आणि त्यांच्या सार्वजनिक कार्याला खरी सुरुवात झाली.

पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. सभेचा दैनंदिन भार गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका वाहत; विचारांची दिशा रानडे देत. सरकारी नोकरीत असल्याने त्यांचे नाव अनेकदा पुढे येत नसे. १८७२ साली सभेने दख्खनच्या आर्थिक स्थितीच्या चौकशीसाठी एक उपसमिती नेमली. गावोगावच्या लोकांकडून माहिती मिळवून तिचा अहवाल १८७३ मध्ये तयार झाला.

या चौकशीमागे एक तातडीचे कारण होते. इंदापूरच्या पहिल्या बंदोबस्ताची तीस वर्षांची मुदत संपली आणि १८६७ पासून नवी आकारणी सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे त्या दशकात हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले होते आणि त्यांच्या जोडीने इतर शेतमालाचेही. त्या तेजीच्या काळात वाढलेले भाव, नवी आगगाडी आणि बाजारपेठांची जवळीक यांच्या आधारे सारा वाढवला गेला. युद्ध संपल्यावर भाव उतरले, सारा मात्र तसाच राहिला. सरकारी तक्त्यांतील आकडे खोटे नव्हते. ते थोड्या वर्षांचे होते, आणि खडकाळ माळ व काळी कसदार जमीन यांतील फरक सरासरीत बुजून जात होता. गावाची स्थिती गावातच पाहावी आणि बऱ्यावाईट अशा अनेक वर्षांची एकत्र पाहावी, असा सभेचा आग्रह होता. आकारणीत वारंवार फेरफार न करता ती कायमची बांधून द्यावी, असे रानड्यांचे मत बनले ते या अभ्यासातून.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्याचे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. या दंग्यांत जीवितहानी फारशी झाली नाही. जमावाचा रोख कर्जरोख्यांवर होता. सावकाराच्या घरातून ते बाहेर काढून जाळण्यात आले. आपल्याला वाचता न येणारा कागद आपल्या जमिनीचे भवितव्य ठरवतो, हे दुखणे त्या आगीमागे होते. पाठोपाठ १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. सभेने आपल्या प्रतिनिधींकडून ठिकठिकाणची हकीकत मागवली आणि ती सरकारकडे एकामागून एक पाठवली. दुष्काळी कामांवरील मजुरांची मजुरी दिवसाला एक रतल धान्याच्या प्रमाणावर खाली आणली गेली, तेव्हा सभेने या स्थानिक माहितीच्या बळावर तिला कडाडून विरोध केला.

१८७८ साली सार्वजनिक सभेचे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. त्यातील बहुसंख्य लेख रानड्यांच्या लेखणीतून उतरले, तेही स्वतःचे नाव न घालता. त्याच वर्षी त्यांची बदली नाशिकला झाली आणि जन्मजिल्ह्यात ते न्यायाधीश म्हणून परतले. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळे पुण्यातील शिकलेल्या मंडळींवर सरकारची नजर वळली. रानड्यांनाही संशयाची झळ लागली आणि नाशिकहून त्यांना धुळ्याला जावे लागले. तेथे असतानाही त्यांचे लेखन खंडित झाले नाही.

त्याच १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना तो लागू होता. कर्जरोख्यावरील आकड्यापाशी न थांबता मूळ रक्कम किती आणि व्याज किती याचा छडा लावण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. शेतकऱ्याचे दस्तऐवज गावपातळीवरील निबंधकासमोर लिहिले जावेत आणि तंटे आधी समेट घडवणाऱ्यासमोर जावेत, अशी तरतूदही होती. ज्या कागदाच्या भीतीने सुप्याला आग लागली, तो कागद शेतकऱ्याच्या समक्ष आणि त्याला समजेल अशा रीतीने लिहिला जाणे, हे या कायद्याचे मर्म होते. १८८१ पासून रानडे या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करू लागले आणि १८८७ मध्ये विशेष न्यायाधीश झाले. या कामासाठी त्यांना तालुक्यातालुक्यांतून फिरावे लागे. कचेरीतील दप्तर आणि गावातील माणूस या दोघांची गाठ याच दौऱ्यांत पडे.

कायद्याने कर्जाचा जाच कमी होईल, पण शेतकऱ्याला पत कोठून मिळणार, हा प्रश्न उरतच होता. विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात प्रयोगादाखल शेतकी पेढी काढण्याची योजना मांडली. रानड्यांनी तिला पाठिंबा दिला. परंतु लंडनमधील भारतमंत्र्यांच्या कचेरीने ती अडवली. रानड्यांची सारीच मते रयतेच्या कैवाऱ्यांना पटणारी नव्हती. जमीन काटकसरी आणि भांडवलदार हातांत जाणे त्यांना सर्वस्वी अनिष्ट वाटत नसे. आकड्यांवरून निष्कर्ष काढणाऱ्याची स्वतःची दृष्टीही त्यात मिसळते, याचे हे उदाहरण म्हणता येईल.

१८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. न्यायदानाच्या व्यापातही त्यांचे आकड्यांचे वाचन चालू राहिले. १८७२, १८८१ आणि १८९१ या तीन जनगणनांच्या वीस वर्षांचा त्यांनी घेतलेला आढावा त्यांच्या अर्थशास्त्रविषयक निबंधांत समाविष्ट आहे. एका वर्षाचा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. तोच प्रांत तीन वेळा शेजारी मांडला की बदल दिसतो, ही त्यांची रीत येथेही आढळते.

१९०० साली त्यांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. सह्याद्रीच्या रांगा, डोंगरी किल्ले, जमिनीचा कस आणि गावगाडा यांच्या पायावर त्यांनी मराठी राज्याच्या उभारणीचा अर्थ लावला. त्याच वर्षी पेशव्यांच्या रोजनिश्यांवर त्यांनी निबंध वाचला. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या नोंदींवर तो आधारलेला होता. लढायांच्या वर्णनांपेक्षा महसूल, न्याय, वेठ आणि नाणी यांच्या कोरड्या नोंदींतून राज्याचा खरा कारभार कळतो, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. डोळे अधू झाल्याने अखेरच्या वर्षांत त्यांना बरेच वाचन दुसऱ्याकडून करून घ्यावे लागे. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर आला असताना, १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

१९४७ च्या तुकडेजोड कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबरांची जागा गट क्रमांकांनी घेतली आणि पुढे सातबारा संगणकावर आला. निफाडच्या शेतकऱ्याला आपला उतारा आता घरबसल्या पाहता येतो. हद्दीचे वाद, वारसांची न लागलेली नावे आणि भरपाईच्या यादीतून सुटलेला गट ही दुखणी अजूनही संपलेली नाहीत. तक्ते जोडण्याचे काम यंत्र बिनचूक करते. त्या तक्त्यांतील नोंद शिवारातल्या वस्तुस्थितीशी जुळते का, हे पाहण्यासाठी मात्र रानड्यांच्या वेळेप्रमाणेच आजही कोणीतरी गावापर्यंत जावे लागते.