रावबहादूर बोले आणि पाणवठ्याचा ठराव

दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये लग्नाच्या किंवा सणाच्या मिस्साला पवईहून आपल्यापैकी बरेच जण गेले असतील. चर्चजवळून जाणाऱ्या रस्त्याचे नाव एस. के. बोले रोड. लग्नपत्रिकेवर आपण हे नाव वाचतो, पण हे बोले कोण हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सीताराम केशव बोले भंडारी समाजातले. सरकारने त्यांना रावबहादूर केले, पण त्यांचा जीव गिरणी कामगारांत रमला. १९०९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह कामगार हितवर्धक सभा स्थापन केली. त्याच्या दोनच वर्षे आधी मुंबईत एका महार कुटुंबातला मुलगा मॅट्रिक झाला, म्हणून सत्काराची सभा भरली होती. अध्यक्षस्थानी बोले होते. मुलाचे नाव भीमराव आंबेडकर!

त्या काळी सार्वजनिक विहिरी आणि तळी सर्वांच्या पैशातून बांधली जात, पण अस्पृश्यांना तेथे पाणी भरता येत नसे. तिकडे अमेरिकेच्या दक्षिणेतही काळ्यांचे नळ वेगळे होते. याकोबाच्या विहिरीवर येशूने शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले, हे शुभवर्तमान आपण उपवासकाळात ऐकतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवीत नसत. म्हणूनच ती बाई चकित झाली.

बोले मुंबई कायदेमंडळाचे सभासद होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी तेथे त्यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कोर्टे, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. पुढच्याच महिन्यात सरकारने खात्यांना तसे कळवले. महाडच्या नगरपालिकेनेही जानेवारी १९२४ मध्ये आपले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला.

पण तो कागदावरच राहिला. तळ्याकडे जाण्याची कुणाची हिंमत होईना.

बोल्यांचे मोठेपण मला पुढच्या पावलात दिसते. एक ठराव मंजूर झाला की पुष्कळ पुढारी हार घालून घेतात आणि घरी जातात. बोल्यांनी ऑगस्ट १९२६ मध्ये दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका व लोकलबोर्डे पहिला ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. उपदेशाने जे हलत नाही ते पैशाने हलते, हे त्यांनी ओळखले होते. (आपणही फार घाई केली असे नाही. भारतातील कॅथोलिक बिशपांचे दलित ख्रिस्ती बांधवांविषयीचे धोरण जाहीर झाले ते २०१६ साली.)

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले व ओंजळीने पाणी प्याले. परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले. मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला तो मार्च १९३७ मध्ये. बोल्यांच्या पहिल्या ठरावाला तेव्हा १३ वर्षे उलटून गेली होती.